कपिलधारचे श्रीमन्मथस्वामी

बीडहून दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट लागतो. त्या बाजूच्या बालाघाटाच्या कुशीत कपिलधार नावाचे क्षेत्र आहे. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची मोठी धार कोसळते. कपिलमुनींनी येथे तप केले, म्हणून ह्या स्थळाला कपिलधार म्हणतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल हे भगवान विष्णूचे अवतार सांगितले आहेत. आपली आई देवहूती हिला त्यांनी सांख्य सांगितले आणि भक्तीही सांगितली. अशा विष्णूच्या अवताराच्या तपोभूमीवर एका महान शिवभक्ताची संजीवन समाधी आहे. ते शिवभक्त म्हणजे श्रीमन्मथस्वामी. हरीच्या अंगणात हराचा भक्त विसावला आहे, एवढे एक ध्यानात ठेवले तरी ह्या चरित्राचे निम्मे मर्म हाती येते.

आमच्या मासिकात वीरशैव संताचे चरित्र कशासाठी, असे कोणी वाचक विचारतील. त्यांस आमचे सांगणे असे की, आपल्या वारकऱ्याची गुरुपरंपरा कोठून सुरू होते ते आधी पाहावे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानोबाराय. आदिनाथ म्हणजे साक्षात शंकर. जो आपल्या घराण्याचा मूळपुरुष, त्याच्या भक्ताचे चरित्र आपल्याला परके कसे? आपले जुने फडकरी एकादशीबरोबर सोमवारही धरीत, आणि पंढरीच्या राण्याने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे असे आपले संतच सांगून गेले. तेव्हा ही पाहुण्याची गोष्ट नव्हे, घरचीच आहे.

श्रीमन्मथस्वामींचा काळ एकनाथमहाराज आणि दासोपंत यांच्या काळाच्या जवळपासचा. मराठवाड्याच्या ह्या मुलखावर तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. राजभाषा वेगळी, शास्त्राची भाषा वेगळी आणि शेतकऱ्याच्या तोंडची भाषा वेगळी. अशा काळात बीड जिल्ह्यातील मानूरच्या मठात स्वामींचे वास्तव्य होते. मठाचे जीवन कसे असते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. शिष्यांची दीक्षा, गावोगावच्या भक्तांचे येणेजाणे, कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी मर्तिक, कोणाचा भावकीचा तंटा, सगळे मठाच्या ओसरीवर येते. ते सगळे उरकून जो वेळ उरेल त्यात लिहायचे. स्वामींनी लिहिले, आणि पुष्कळ लिहिले.

त्यांचे नाव मन्मथ. पाठशाळेत आम्ही अमरकोश घोकला तेव्हा मदनाच्या नावांत मन्मथ हे नाव पाठ केले होते. पुढे शिवभक्ताचे हेच नाव ऐकले तेव्हा आश्चर्य वाटले. ज्या मदनाला शंकराने तिसरा डोळा उघडून भस्म केले, त्याचेच नाव शंकराच्या भक्ताने मिरवावे! पण कथा तेथे संपत नाही. अमरकोशात मन्मथ ह्या नावाच्या पंगतीलाच प्रद्युम्न हे नाव बसले आहे. प्रद्युम्न कोण? श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांचा मुलगा. भागवताच्या दशम स्कंधात कथा आहे की, शंकराच्या क्रोधाने जळालेला मदन पुन्हा देह मिळावा म्हणून श्रीकृष्णाच्या घरी जन्माला आला. म्हणजे हराने जाळले आणि हरीने मांडीवर घेतले. कामाचा देह जळाला आणि प्रेमाचा देह जन्मला. एका नावात दोन्ही देवांचे काम आले. स्वामींनी पुष्कळ अभंगांच्या शेवटी मन्मथ शिवलिंग अशी मुद्रा घातली आहे. ज्याने जाळले त्याचे नाव आणि जो जळाला त्याचे नाव शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दोहोंमधले अंतरच पुसून टाकले.

आता ते ज्या परंपरेत वाढले ती थोडी समजून घेतली पाहिजे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कल्याण नगरीत भक्तीची मोठी पेठ वसवली. त्याआधी ते मंगळवेढ्याला कलचुरी राजा बिज्जळ याच्या पदरी कारभारात होते. मंगळवेढे पंढरपुरापासून किती दूर? एका दिवसाची चाल. पुढे त्याच मंगळवेढ्यात आपले चोखोबा झाले, कान्होपात्रा झाली, दामाजीपंत झाले. एका मातीने शिवशरणही दिले आणि विठ्ठलाचे भक्तही दिले. बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांची वचने कानडीत आहेत. सिद्धांतशिखामणीसारखे ग्रंथ संस्कृतात आहेत. पण बालाघाटाच्या खेड्यातला लिंगायत कुणबी, वाणी, तेली, त्याची बोली मराठी. त्याच्या गळ्यात इष्टलिंग होते, पण त्याचा अर्थ त्याला त्याच्याच भाषेत कळायला हवा होता.

ही अडचण आपल्याला नवी नाही. गीतेचा अर्थ मराठी माणसाला कळावा म्हणून ज्ञानोबारायांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, भावार्थदीपिका पुरी केली. त्याच्याही शंभर वर्षे आधी, शके १११० मध्ये, मुकुंदराजांनी विवेकसिंधूत अद्वैताचे मराठीत विवरण केले असे परंपरा मानते. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, कपिलधार ज्या बीड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात. मन्मथस्वामी ह्याच वाटेने गेले. त्यांनी परमरहस्य हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत रचला. शिव सांगतो आणि पार्वती ऐकते, अशी त्याची मांडणी आहे. ह्या ग्रंथाशिवाय त्यांनी अभंगही रचले. ग्रंथ वाचणाऱ्यासाठी आणि अभंग गाणाऱ्यासाठी. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही तोंडी परमार्थ बसला पाहिजे, ही संतांची कळकळ सगळीकडे सारखीच.

परमरहस्य म्हणजे सर्वांत मोठे गुपित. हे गुपित कोणते? देव आणि भक्त दोन नाहीत हे. उपनिषदांनी हेच सांगितले. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण वरून चाखा, मधून चाखा, तळाशी चाखा, खारटपणा सगळीकडे. तसे ते एक सत् सगळ्यांत भरले आहे आणि ते तूच आहेस, असे बाप मुलाला सांगतो. मांडूक्यात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडची चौथी अवस्था सांगताना ऋषी तिला शिव म्हणतात आणि लागलीच अद्वैत म्हणतात. म्हणजे शिव हा शब्द तेथे अमुक एका मूर्तीपुरता उरत नाही. जे मंगल आहे आणि जेथे दुसरेपण नाही, ते शिव.

पण शास्त्राने सांगितले आणि आपण ऐकले, एवढ्याने काम होत असते तर आमच्यासारखे पाठशाळेत घोकंपट्टी केलेले सगळेच मुक्त झाले असते! घोकलेले अद्वैत तोंडात राहते. ते हाडीमासी मुरण्यासाठी काही वाट लागते. वीरशैव मताची वाट फार सुंदर आहे आणि ती वारकऱ्यानेही समजून घेण्यासारखी आहे.

गुरू शिष्याला दीक्षा देतो तेव्हा त्याच्या हाती इष्टलिंग देतो. ते लिंग बाजारातून आणलेला नुसता दगड नव्हे. गुरू शिष्याच्या मस्तकातील चित्कला, म्हणजे त्याच्याच अंतरीचे चैतन्य, जागवून त्या लिंगात स्थापन करतो आणि मग ते लिंग त्याच्या तळहातावर ठेवतो, असा तो विधी आहे. वाचकहो, ह्यातला मर्मभाग पाहा. भक्त ज्याची पूजा करणार ते त्याचेच चैतन्य आहे. डाव्या तळहातावर लिंग घेऊन तो त्याकडे टक लावून बसतो, तेव्हा कोण कोणाकडे पाहत असते? पाहणाराच पाहण्याचा विषय झाला आहे. आरशात आपले तोंड पाहावे तसे. बाहेरचे ते इष्टलिंग, प्राणात उतरले की प्राणलिंग, आणि भावातच विरले की भावलिंग. देव तळहातावरून आत आत येत जातो आणि शेवटी आत आणि बाहेर हा भेदच राहत नाही.

ह्या प्रवासाचे सहा मुक्काम सांगितले आहेत. त्यांना षट्स्थल म्हणतात. पहिला मुक्काम भक्त. येथे श्रद्धा असते. गुरू, लिंग आणि जंगम यांच्या ठायी मन लागते, पण देव निराळा आणि मी निराळा असे वाटत असते. दुसरा महेश. येथे श्रद्धेची निष्ठा होते, संकट आले तरी पाऊल मागे येत नाही. तिसरा प्रसादी. जे वाट्याला येईल ते देवाचा प्रसाद म्हणून घ्यायचे, आणि प्रसाद सांडू नये म्हणून जसे आपण ओंजळ जपतो तसे सारे आयुष्य सावधपणे जपायचे. चौथा प्राणलिंगी. आता लिंग श्वासात आले, ऐकीव गोष्टीचा अनुभव झाला. पाचवा शरण. पतिव्रता जशी पतीची तसा तो देवाचा झाला, आता आनंदाशिवाय दुसरे काही नाही. आणि सहावा ऐक्य. कापूर जळाला, ज्योत विझली, मागे काजळीसुद्धा नाही. ह्यालाच ते लिंगांगसामरस्य म्हणतात. अंग म्हणजे जीव आणि लिंग म्हणजे शिव. दोघांचा रस एक झाला.

शास्त्री मंडळी येथे एक शंका काढतात. शांकरमताप्रमाणे ब्रह्म निर्गुण आणि जगत् माया. वीरशैव स्वतःला शक्तिविशिष्टाद्वैती म्हणवतात. मग ह्या दोहोंत विरोध नाही का? वादाच्या सभेत विरोध आहे, आणि तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. वीरशैव म्हणतात, शिव शक्तीवाचून कधीच नसतो. सूर्य आणि प्रभा, साखर आणि गोडी, तसे ते असतात. म्हणून जग हे शिवाच्या शक्तीचे स्फुरण आहे, त्याला खोटे म्हणून टाकून द्यायचे नाही. पण वारकऱ्याने हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. माउलींचा अमृतानुभव उघडावा. पहिलेच प्रकरण शिवशक्तीच्या ऐक्याचे आहे. ही दोन कशी, आणि दोन दिसूनही एक कशी, ह्याचाच तेथे महोत्सव आहे. पुढे माउली अज्ञानाचे खंडन करतात, आणि ज्ञानालाही बंधन ठरवणाऱ्या शिवसूत्राचा आधार घेतात. जग हा त्या एकाचाच विलास आहे असे ते ठरवतात. मन्मथस्वामींचे शिवशक्तीचे एकपण आणि माउलींचे शिवशक्तीचे एकपण यांत शेजारच्या दोन आळ्यांइतकेही अंतर आम्हाला तरी दिसत नाही.

दुसरी शंका साध्या माणसाची आहे, आणि ती जास्त मोलाची. देव आणि भक्त एकच, तर पूजा कोणी कोणाची करायची? अभिषेक कशाला, माळ कशाला, वारी कशाला? पुष्कळ अर्धवट वेदांती ह्या ठिकाणी घसरतात. सगळे ब्रह्म आहे म्हणतात आणि नित्यनेम सोडून देतात. मन्मथस्वामींच्या ग्रंथात गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र, पादोदक आणि प्रसाद या अष्टावरणांचे महत्त्व आहे. ऐक्याचा शेवटचा मुक्काम ज्या मतात सांगितला, त्याच मतात कपाळाला विभूती कशी लावावी हेही बारकाईने सांगितले आहे. का? तर पाच मुक्काम चालल्याशिवाय सहावा येत नाही म्हणून. आणि सहावा आल्यावरही भक्ती थांबत नाही म्हणून. माउलींनी अमृतानुभवात हेच समजावले. एकाच डोंगरातून देऊळ कोरले, देव कोरला आणि देवाचा परिवारही कोरला, तर पूजेचा व्यवहार दिसतो आणि डोंगर एकच राहतो. वेरूळचे कैलासलेणे ज्यांनी पाहिले त्यांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. नंदीही तोच खडक आणि महादेवही तोच खडक. तरी नंदी महादेवाकडे तोंड करून बसलाच आहे! अद्वैत झाले म्हणून त्याने पाठ फिरवली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले ती सांगतो. आमच्या मराठवाड्यात एका गावी हरिनाम सप्ताह होतो आणि त्याच गावी शिवनाम सप्ताह होतो. एकीकडे ज्ञानेश्वरीचे पारायण, दुसरीकडे परमरहस्याचे. टाळ तेच, पखवाज तोच, पुष्कळ वेळा पखवाजीसुद्धा तोच! असे असून काही वर्षांपूर्वी एका गावात आमच्यासमोर वाद उभा राहिला. लिंगायत आळीतल्या आयाबाया सप्ताहात वीणेला वाहायला बेल घेऊन आल्या. एक म्हातारे टाळकरी म्हणाले, वीणेला तुळसच चालते. त्या बाया मुकाट्याने मागे फिरू लागल्या. आम्ही त्यांना थांबवले आणि त्या रात्री कीर्तनात नरहरी सोनारांचे चरित्र लावले. नरहरी कट्टर शिवभक्त, पंढरीत राहून विठ्ठलाचे तोंड पाहत नसत. एका सावकाराने देवासाठी करगोटा घडवायला सांगितला. माप काही जुळेना. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले. हाताने चाचपावे तर शंकराची खूण लागे, पट्टी काढावी तर विठ्ठल उभा. कमरेला हात लावून माप घेता घेता त्यांच्या मनातले माप मोडले. कीर्तन संपले तेव्हा तेच टाळकरी उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बेल वीणेला वाहिला. आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचे काम नरहरींनी केले होते.

फडाची शिस्त आम्हाला मान्य आहे. कीर्तनाला अभंग घ्यायचा तो आपल्या संतांचाच. ती शिस्त आम्ही आयुष्यभर पाळली आणि पुढेही पाळू. त्याचप्रमाणे शिवकीर्तनकारांनी मन्मथस्वामींचा अभंग घ्यावा. विहिरी दोन असाव्यात, त्याला हरकत नाही. पण खालचा झरा एक आहे हे विसरून पाण्यावरून भांडू नये. औंढ्या नागनाथाला नामदेवरायांनी हाच धडा घेतला. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव रागावले तेव्हा ते म्हणाले, बाबा, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. पाय जेथे ठेवावे तेथे पिंड! पंढरीच्या लाडक्या भक्ताला गुरू मिळाला तो शंकराच्या देवळात. हरीकडे रोज जेवणाऱ्याला हरी सगळीकडे आहे हे हराच्या दारी कळले.

मन्मथस्वामी शेवटी कपिलधारला आले. लोकांत राहून लोकांसाठी लिहिणारा माणूस दरीत, धारेजवळ येऊन बसला. येथेच त्यांनी संजीवन समाधी घेतली, अशी परंपरेची धारणा आहे. माउली आळंदीला इंद्रायणीकाठी बसले, स्वामी कपिलधारेजवळ बसले. कपिलांच्या सांख्याने प्रकृती आणि पुरुष ही दोन तत्त्वे निवडून वेगळी दाखवली. त्यांच्याच नावाच्या भूमीवर स्वामींनी अंग आणि लिंग ही दोन एकत्र मुरवली. निवडणेही लागते आणि मुरवणेही लागते. न निवडता मुरवले तर घोटाळा होतो, आणि नुसते निवडत बसले तर माणूस उपाशी राहतो.

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून भक्त येतात, कित्येक पायी येतात. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज २०२० साली लिंगैक्य झाले. अहमदपूर ते कपिलधार ही पायी वारी त्यांनी वर्षानुवर्षे चालवली. आपली कार्तिकी एकादशी झाली की चारच दिवसांनी ही पौर्णिमा येते. पंढरपुराहून परतणारा मराठवाड्यातला वारकरी आणि कपिलधारला निघालेला शिवभक्त यांची रस्त्यात गाठ पडते. एकाच्या कपाळी बुक्का, एकाच्या कपाळी विभूती. एक म्हणतो रामकृष्ण हरी, दुसरा म्हणतो हर हर महादेव. दोघांचे पाय सारखेच सुजलेले आणि दोघांची शिदोरी एकाच ज्वारीची.

पंढरीहून येताना ज्यांना सवड असेल त्यांनी एकदा वाट वाकडी करून कपिलधारला जावे. धारेचे पाणी डोक्याला लावावे, समाधीपुढे माथा टेकावा. गळ्यातली तुळशीची माळ काढण्याचे कारण नाही. हाती बेल असेल तर वाहावा, नसेल तर नामच वाहावे. आणि तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या शिवभक्ताजवळ बसून त्याच्या तोंडून स्वामींचा अभंग ऐकावा. चाल आपल्या ओळखीची निघेल, अर्थही आपल्या ओळखीचा निघेल. नाव तेवढे वेगळे ऐकू येईल, आणि त्या नावानेही आपलाच देव ओ देईल.

रामकृष्ण हरी.